ना-हरकत कासव

निवासी जागेत प्राणी पाळण्यासाठी लागणाऱ्या परवान्यांचे स्थूलमानाने तीन वर्ग पडतात: मागितला तर मिळणारा परवाना, कितीही मागितला तरी न मिळणारा परवाना, आणि मुळात लागतच नसल्यामुळे कोणालाही देता न येणारा परवाना. यांपैकी पहिल्या दोन वर्गांविषयी कायद्याच्या पुस्तकांत पुरेसे लिहिलेले आढळते. तिसऱ्या वर्गाकडे मात्र अभ्यासकांचे व्हावे तसे लक्ष गेलेले नाही, आणि गृहनिर्माण संस्थेत राहणाऱ्या सरळमार्गी माणसाच्या चपला सर्वांत जास्त झिजतात त्या नेमक्या याच वर्गात. ही उणीव भरून काढणे हा प्रस्तुत विवेचनाचा उद्देश असून, ती भरून निघाल्याने कोणाचे काही भले होईल असा दावा मात्र येथे केलेला नाही.

प्रारंभी ‘अनोखा पाळीव प्राणी’ ही संज्ञा स्पष्ट करणे इष्ट ठरेल. प्राणिशास्त्रात अशी संज्ञा नाही, कारण ती मूलतः शेजारशास्त्रातली आहे: जो प्राणी शेजाऱ्याकडे नाही तो अनोखा. शेजाऱ्याकडे पामेरियन असतो तोवर लॅब्राडॉर अनोखा असतो. समोरच्या घरात लॅब्राडॉर आला की सैबेरियाच्या बर्फात गाडी ओढण्यासाठी जन्मलेला हस्की विदर्भातल्या मे महिन्यात कूलरसमोर आणून बसवला जातो. आणि तोही तिसऱ्या मजल्यावर दिसू लागला की माणसाची नजर इग्वानाकडे, म्हणजे पालीने आयुष्यात प्रगती केली तर ती जशी दिसेल तशा प्राण्याकडे, वळते. ‘पाळणे’ या क्रियापदाचाही अर्थ येथेच सांगून टाकावा. मुलांनी हट्ट धरणे, वडिलांनी ‘घरात प्राणी येईल किंवा मी राहीन’ असे जाहीर करणे, प्राणी येणे, आणि दोन महिन्यांनी पहाटे साडेपाचला वडीलच त्याला फिरवताना दिसणे, या चार टप्प्यांच्या प्रक्रियेस ‘पाळणे’ म्हणतात.

पहिल्या वर्गातील परवान्याचे प्रातिनिधिक उदाहरण म्हणजे महानगरपालिकेचा श्वान परवाना. अर्ज, शुल्क, मालकाच्या पत्त्याचा पुरावा आणि रेबीजची लस टोचल्याचे प्रमाणपत्र एवढ्यावर तो मिळू शकत असल्यामुळे त्यात अडचण येण्यासारखे काही नाही, असे कोणासही वाटेल. परंतु अडचण ही कागदांत नसून रकान्यांत असते, हे तत्त्व प्रत्यक्ष खिडकीपाशी उभे राहिल्यावरच उमगते.

“नाव?”

“टायगर.”

“प्राण्याचं नाही हो, नाव विचारलं.”

“नावच टायगर आहे. प्राणी कुत्रा आहे.”

“मग आधी वाघ का म्हणालात? खोडलं की साहेब सही करत नाहीत. नवीन फॉर्म घ्या.”

दुसऱ्या वर्गाचे, म्हणजे कधीही न मिळणाऱ्या परवान्याचे, अधिष्ठान वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 या कायद्यात आहे. या कायद्याने संरक्षण दिलेला भारतीय वन्य प्राणी वा पक्षी घरी बाळगता येत नाही, आणि पेरूच्या झाडावर उतरून निम्मे पेरू उष्टे करून जाणारा आपला हिरवा राघू हा याच संरक्षित पक्ष्यांपैकी एक आहे. याउलट आफ्रिकेतला राखाडी पोपट मात्र घरी ठेवता येतो, फक्त त्याची रीतसर नोंदणी करावी लागते. याचे कारण असे की संकटग्रस्त प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराचे नियमन करणारा ‘सायटिस’ नावाचा एक करार 1973 मध्ये झाला, भारत त्यात 1976 मध्ये सामील झाला, आणि 2022 च्या दुरुस्तीने त्या करारातील परदेशी जातींसाठी आपल्या कायद्यात स्वतंत्र अनुसूची, म्हणजे यादी, जोडण्यात आली. त्यामुळे आफ्रिकी पोपटाचा जन्म, मृत्यू आणि हस्तांतर ही सर्व सरकारदरबारी कळवली की त्याने बैठकीत बसून खुशाल ‘हॅलो’ म्हणावे; राघूने मात्र पिंजऱ्यात बसून दिवसभर ‘विठ्ठल विठ्ठल’ म्हटले तरी ते बेकायदाच. घरट्यांतून पिल्ले काढून विकण्याचा धंदा थांबावा हा या बंदीमागचा हेतू रास्त असल्याबद्दल दुमत नाही. परंतु ज्या घरात मिठू नावाचा सदस्य पंधरा वर्षे शेंगदाणे खात आहे, त्या घरातील आजींना हे पटवून देणे हे कोणत्याही शासकीय यंत्रणेच्या आवाक्याबाहेरचे काम आहे.

“आजी, पोपट पाळणं गुन्हा आहे.”

“पाळलाय कोणी? तो राहतो.”

“मग पिंजरा कशाला?”

“मांजरापासून संरक्षण नको? तुमच्या कायद्याच्या नावातही तेच आहे म्हणे.”

परदेशी प्राण्यांच्या बाबतीत शासनाने एकदा तर कमालीचे औदार्य दाखवले होते. जून 2020 मध्ये केंद्र सरकारने असे जाहीर केले की ज्यांच्या घरी अशा परदेशी जाती आहेत त्यांनी सहा महिन्यांच्या आत ते आपण होऊन सांगावे, कागदपत्रे विचारली जाणार नाहीत. टाळेबंदीमुळे घरात नेमके कोण कोण राहते याचा पत्ता अनेक कुटुंबप्रमुखांना प्रथमच लागत होता, त्यामुळे ही वेळ अगदी अचूक साधली गेली असे म्हणावे लागेल.

अनोख्या प्राण्यांपुढे हतबल होण्यात भारतीय माणूस एकटा आहे, असा समज करून घेण्याचे कारण नाही. लंडनमधील हॅरॉड्स या दुकानातून 1969 मध्ये दोन तरुणांनी सिंहाचा छावा विकत घेतला आणि त्याला चेल्सी भागातील फर्निचरच्या दुकानाच्या तळघरात ठेवले. तो वाढू लागला तेव्हा सिंह वाढतो हे त्यांच्या ध्यानात आले, आणि त्याची रवानगी अखेर केनियात झाली. पुढे 1976 मध्ये ब्रिटनने धोकादायक वन्य प्राणी कायदा करून असे प्राणी ठेवण्यासाठी स्थानिक कौन्सिलचा परवाना आवश्यक केला, म्हणजेच सिंह आधी आणि अर्ज नंतर हा क्रम तिकडेही पाळला गेला. स्वित्झर्लंडच्या 2008 च्या नियमांनुसार गिनीपिग एकटा ठेवता येत नाही, त्याला सोबत द्यावी लागते. मुले परदेशी गेल्यावर चार खोल्यांत एकट्या राहणाऱ्या आपल्याकडील आजोबांनी हा नियम वाचल्यास त्यांना गिनीपिगाचा हेवा वाटण्याची शक्यता नाकारता येत नाही. फ्रान्समध्ये तर मोरिस नावाच्या कोंबड्याच्या आरवण्यावरून शेजारी न्यायालयात गेले, आणि 2019 मध्ये निकाल कोंबड्याच्या बाजूने लागला.

हा मोरिस महाराष्ट्रातील गृहनिर्माण संस्थेत असता तर निकाल असा लागला नसता. शाळेबाहेर टोपलीत विकायला आलेली गुलाबी, निळी, पोपटी रंगवलेली कोंबडीची पिल्ले मुले खाऊच्या पैशांतून घरी आणतात. त्यांतले चुकून जगलेले एखादे पिल्लू तीन-चार महिन्यांत रंग उडून, तुरा फुटून, बाल्कनीच्या कठड्यावर चढून पहाटे चार वाजता आपण कोण आहोत हे संपूर्ण विंगला सांगते, आणि त्याच दिवशी सूचनाफलकावर ‘काही सदस्यांच्या निदर्शनास आले आहे की’ अशी सुरुवात असलेली नोटीस लागते. रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत निवासी भागातील आवाजाची मर्यादा 45 डेसिबल असल्याचा दाखला त्या नोटिशीत दिलेला असतो. गणपतीत ज्यांच्या खिडकीखाली भिंत हादरेपर्यंत स्पीकर लागतात तेच सदस्य ही नोटीस काढतात, ही बाब कोंबड्याच्या निदर्शनास कोणीही आणून देत नाही.

येथे गृहनिर्माण संस्था, म्हणजे बोलीभाषेतील ‘सोसायटी’, हिचे स्वरूप समजून घेणे अगत्याचे आहे. केंद्र, राज्य आणि स्थानिक या तीन शासनांखाली माणूस सुखाने जगू शकतो, कारण ती लांब असतात. सोसायटी ही चौथी सत्ता मात्र जिन्यात भेटते. प्राणी पाळण्यावर सोसायटीला बहुमतानेही सरसकट बंदी घालता येत नाही, असे भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने 2015 मध्ये कळवले आहे. हे कळल्यापासून सोसायट्यांनी बंदी घालणे सोडून दिले असून, त्याऐवजी त्या ‘लेखी आणा’ असे म्हणतात.

या पार्श्वभूमीवर तिसऱ्या वर्गाचा अभ्यास एका नमुना-प्रकरणाच्या आधारे करता येईल. महाराष्ट्रातील कोणत्याही मध्यम शहरात आढळावा असा या प्रकरणातील अर्जदार बँकेतून निवृत्त झालेला असून, त्याने सेवेची छत्तीस वर्षे इतरांच्या अर्जांवर ‘कागदपत्रे अपूर्ण’ हा शेरा मारण्यात व्यतीत केली आहेत. त्याच्या नातवाने मुंबईहून येताना क्रॉफर्ड मार्केटमधून प्लॅस्टिकच्या पारदर्शक डबीत एक कासव आणले. रुपयाच्या नाण्याएवढे, डोळ्यांमागे लाल पट्टा असलेले, आणि डबीतल्या हिरव्या प्लॅस्टिकच्या माडाखाली सुट्टीवर आल्यासारखे पहुडलेले ते जलचर ‘लाल कानाचे कासव’ म्हणून ओळखले जाते व ते मूळचे अमेरिकेतल्या मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातले आहे. “एवढंच राहतं,” असे दुकानदाराने सांगितले होते. वस्तुतः ते जेवणाच्या ताटाशी स्पर्धा करील एवढे वाढते आणि वीस-तीस वर्षे जगते. ही माहिती मिळताच अर्जदाराने स्वतःचे वय सहासष्ट अधिक तीस असा हिशेब मांडला व आपल्या मृत्युपत्रात एक कलम वाढवण्याचे ठरवले. नातू मात्र सुट्टी संपताच परत गेला. कासव राहिले, आणि अशा रीतीने वर सांगितलेली ‘पाळणे’ ही प्रक्रिया पूर्ण झाली.

येथवर सारे सुरळीत होते, कारण कासव भुंकत नाही, आरवत नाही आणि लिफ्टमध्ये कोणाला हुंगत नाही. अर्जदाराने स्वतःहून चेअरमनांना सांगितले नसते, तर या प्रकरणाचा जन्मच झाला नसता. परंतु प्रामाणिक माणसाला न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर दिल्यावाचून झोप येत नाही.

“काका, चालेल की,” चेअरमन म्हणाले. “फक्त परवाना लागत नाही असं कुठूनतरी लेखी आणा. फाईलला लावून ठेवू.”

वनखात्याच्या कार्यालयात अर्जदाराने डबीच टेबलावर ठेवली. तेथील कर्मचाऱ्याने चष्मा वर करून आत पाहिले. पाठीवर चांदण्यांसारखी नक्षी असलेले भारतीय स्टार कासव असते तर मामला गंभीर होता. घरात ठेवल्याने लक्ष्मी येते या समजुतीपायी अनेकांनी ते ठेवले आहे आणि लक्ष्मीऐवजी वनखाते घरी आलेले पाहिले आहे.

“कान लाल आहेत. आमच्या यादीत नाही. न्या.”

“यादीत नाही, एवढं लेखी मिळेल का?”

“काका, यादीत म्हैसही नाही. मग गावातल्या सगळ्या म्हशींचंही लिहून द्यावं लागेल.”

युक्तिवाद निरुत्तर करणारा असल्याने अर्जदार महानगरपालिकेकडे वळला. तेथील संगणकावर प्राण्याचा प्रकार निवडण्यासाठी एक यादी उघडत असे आणि तिच्यात ‘कुत्रा’ हा एकमेव पर्याय असे, तोही आधीच निवडलेला. लिपिक स्वभावाने सहृदय असल्यामुळे त्याने मार्ग सुचवला: “कुत्रा म्हणून करून देतो. भुंकत नाही ते बरंच आहे. पण रेबीजची लस मात्र लागेल, त्याशिवाय सिस्टीम पुढे जात नाही.” अर्जदार पशुवैद्यांकडे गेला. रेबीज हा सस्तन प्राण्यांचा रोग असून कासव सरपटणाऱ्या प्राण्यांत मोडत असल्याने ही लस देता येत नाही, असे सांगून त्यांनी ‘सदर कासव निरोगी असून स्वभावाने शांत आहे’ असे प्रमाणपत्र दिले. त्या वेळी कासव पशुवैद्यांच्या अंगठ्याला लोंबकळत होते.

कार्यालयीन चकरा हा या क्षेत्रातील संशोधनाचा अविभाज्य भाग आहे. प्रस्तुत विवेचनकारानेही विषयाच्या सखोल अभ्यासासाठी एका कार्यालयात पाच वेळा हजेरी लावली असून, जेवणाची सुट्टी ही वेळ नसून अवस्था आहे, एवढाच निष्कर्ष त्यातून हाती लागला. पाचव्या खेपेस तर रांगेतल्या मंडळींनी विवेचनकारालाच शिपाई समजून आत वर्दी देण्यास सांगितले, आणि त्याने ती दिलीही.

सर्व वाटा खुंटल्यावर सुशिक्षित माणूस जे करतो तेच अर्जदाराने केले: त्याने माहितीचा अधिकार वापरला. 2005 च्या या कायद्यानुसार दहा रुपये भरून कोणाही नागरिकास माहिती मागता येते आणि तीस दिवसांत उत्तर मिळणे अपेक्षित असते. उत्तर आले, तेही एकोणतिसाव्या दिवशी: ‘मागितलेली माहिती या कार्यालयाच्या अभिलेखावर उपलब्ध नाही. सबब आपला अर्ज कलम 6(3) अन्वये हस्तांतरित करण्यात येत आहे.’ हे कलम म्हणजे अर्ज ज्या कार्यालयाचा नसेल त्याने तो योग्य कार्यालयाकडे पाठवण्याची तरतूद होय, आणि ‘योग्य’ या शब्दाची व्याप्ती शासनात फार मोठी आहे. कासव हा प्राणी आहे म्हणून अर्ज पशुसंवर्धनाकडे गेला; ते पाण्यात राहते म्हणून तेथून मत्स्यव्यवसायाकडे गेला; ते पाणी नळाचे आहे म्हणून पाणीपुरवठ्याकडे गेला; आणि तो नळ सोसायटीतला आहे म्हणून सहकार खात्याच्या दालनात पोचला. दरम्यान दीड वर्ष लोटले. मूळ अर्जात ‘आकार: रुपयाच्या नाण्याएवढा’ असे नमूद होते, अर्ज मत्स्यव्यवसायाकडे असताना कासव बशीएवढे झाले आणि सहकार खात्यापर्यंत नाश्त्याच्या डिशएवढे. डबीची जागा घंगाळ्याने घेतली, आणि प्लॅस्टिकचा माड कासवाने खाऊन टाकला. अर्जाचा आणि कासवाचा असा जोडीने प्रवास चालला असता पुढे कोण होते हे सांगण्याची गरज नसावी, कारण ती गोष्ट सर्वांनी लहानपणी ऐकलेली आहे आणि तीत सशाची भूमिका कासवाला कधीच मिळाली नव्हती.

सहकार खात्याने अखेर निर्णायक पाऊल उचलले. त्याने संपूर्ण अर्ज सोसायटीच्या सचिवांकडे धाडला आणि वर एक ओळ लिहिली: ‘आपल्या स्तरावर उचित कार्यवाही करावी.’ म्हणजे सोसायटीने विचारलेला प्रश्न चार खात्यांचे पाणी पिऊन सोसायटीच्याच दारात परत आला. चेअरमनांना मात्र यात काहीही वावगे दिसले नाही. उलट ते कृतार्थ झाले. “आता वरूनच पत्र आलंय म्हटल्यावर सभेपुढे घ्यावंच लागेल,” असे ते जिन्यात चारचौघांना सांगत राहिले.

वार्षिक सर्वसाधारण सभेत विषय क्रमांक सात म्हणून कासव पुकारले गेले. गणसंख्येअभावी सभा अर्धा तास तहकूब करून, मधल्या वेळेत बटाटेवडे खाऊन, ती त्याच जागी पुन्हा भरवण्यात आली होती. अर्जदाराच्या खालच्या मजल्यावरील सदस्याने घंगाळ्यामुळे आपल्या छताला ओल येत असल्याची तक्रार मांडली. ती ओल कासवाच्या जन्माआधीपासून असल्याचे इतिवृत्तांवरून सिद्ध झाले, तरी त्याने तक्रार मागे घेतली नाही, कारण दरवर्षी कोणत्याही विषयावर त्याची तीच तक्रार असते. एका ज्येष्ठ सदस्याने कासवाची बाजू उचलून धरली.

“देवळात गाभाऱ्यासमोर कासव असतंच की. मग सोसायटीत का नको?”

“ते दगडाचं असतं हो. वाढत नाही.”

“त्याला पार्किंग लागणार नाही ना?” मागून कोणीतरी विचारले.

लागणार नाही, असे अर्जदाराने सांगताच सभेतला निम्मा विरोध मावळला. उरलेला निम्मा खजिनदारांनी मिटवला. कासव पाणी वापरते, सबब त्यापोटी दरमहा पन्नास रुपये पाणी आकार घ्यावा, अशी सूचना त्यांनी मांडली आणि ती एकमताने संमत झाली. परवान्याच्या प्रश्नावर चर्चा करण्याचे मग कोणाला कारणच उरले नाही, कारण ज्याची पावती फाटते ते अधिकृत, हा आपल्या सार्वजनिक जीवनाचा अलिखित कायदा आहे. अर्जदाराने पहिली पावती हातात पडताच ती देवघराशेजारी लावण्याच्या हेतूने फ्रेमवाल्याकडे नेली, आणि तेथेच फ्रेमवाल्याने ती मोठ्याने वाचली.

हिशेब लिहिण्यासाठी सोसायटीने अर्धवेळ ठेवलेल्या लेखनिकास ‘कासव’ हे नाव पावतीवर असू शकेल यावर विश्वास न बसल्याने, त्याने ते आपल्या बुद्धीने दुरुस्त करून ‘कासार’ असे लिहिले होते.

यानंतरच्या घडामोडी विलक्षण वेगाने झाल्या. पावतीवरून नोंद वहीत गेली, वहीवरून संगणकात गेली, आणि पुढच्याच महिन्यात सदनिकेत कासार नावाचा इसम राहत असल्याने बिनभोगवटा शुल्काची, म्हणजे मालकाने घर भाड्याने दिल्यास सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपर्यंत आकारल्या जाणाऱ्या रकमेची, मागणी करणारे पत्र आले. अर्जदाराने चूक लक्षात आणून देण्यासाठी सचिवांचे दार ठोठावले. सचिवांनी सर्व ऐकून घेतले, चहा पाजला आणि आवाज खाली आणला.

“काका, कासवासाठी आपल्याकडे नियम नाही. भाडेकरूसाठी आहे. राहू द्या ना.”

अर्जदाराने रात्रभर विचार केला. छत्तीस वर्षे ज्याने एकाही अपूर्ण अर्जाला पुढे जाऊ दिले नाही, त्याच्यासमोर आयुष्यात प्रथमच सर्व रकाने असलेला, सर्वांना मान्य असलेला आणि कोठेही हस्तांतरित न होणारा फॉर्म होता. सकाळी त्याने पेन उघडले. सोसायटीच्या भाडेकरू नोंदवहीत त्या सदनिकेपुढे आजही असे वाचायला मिळते: श्री. कासार. मूळ गाव: मिसिसिपी. व्यवसाय: निवृत्त. कुटुंबातील व्यक्ती: नाहीत. वाहन: नाही. वर्तणूक: शांत, परंतु बोटे सांभाळावीत.